पाण्याखालचा श्वास : बटण कोणी दाबायचे?



आपल्या शाळेतून काही वर्षांपूर्वी दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी सध्या थायलंडमध्ये, कोह ताओ नावाच्या बेटावर, पर्यटकांना डायव्हिंग शिकवतो. गेल्या पावसाळ्यात तो घरी आला तेव्हा आईला घेऊन शाळेत भेटायला आला होता. त्याला आता साठ-सत्तर मीटर खोलीवरचे डायव्हिंग शिकायचे आहे आणि त्यासाठी 'रिब्रीदर' नावाचे यंत्र विकत घ्यायचे आहे. हे यंत्र दोन प्रकारचे मिळते. एकात ऑक्सिजन सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक मेंदू करतो, दुसऱ्यात ते डायव्हरने स्वतः बटण दाबून करायचे असते. मुलाचा कल हाताने चालवायच्या यंत्राकडे. आईचे म्हणणे सरळ होते : "सर, तुम्हीच याला सांगा, आपोआप चालणारे घे म्हणून. शाळेत असताना हा रोज डबा घरी विसरायचा. तिथे पाण्याखाली बटण दाबायला विसरला तर?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, समुद्रात गुडघ्याच्या वर सहसा जात नाही. म्हणून लगेच उत्तर दिले नाही. नंतर काही वाचले, बरेच त्याच्याकडूनच समजून घेतले. त्यात नववी-दहावीच्या पुस्तकातले इतके काही निघाले की ते सगळ्यांसमोर मांडावेसे वाटले.

तारकर्लीला किंवा आपल्या ग्रँड आयलंडला ज्यांनी डायव्हर पाहिले असतील, त्यांनी पाण्यातून वर येणारे बुडबुडेही पाहिले असतील. तो सगळा वाया जाणारा वायू. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोडतो त्यात अजून १६-१७ टक्के शिल्लक असतो. म्हणजे आपण थोडासाच वापरतो आणि बाकीचा फेकून देतो. जमिनीवर हे चालते. पाण्यात मात्र दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण दाब वाढतो. चाळीस मीटरवर तो पाचपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासात पाचपट वायू जातो. वर मिनिटाला २० लीटर लागत असतील तर तिथे टाकीतून १०० लीटर जातात. शरीर मात्र त्यातला मिनिटाला साधारण एक लीटर ऑक्सिजनच वापरते, खोली कितीही असली तरी! आणखी खोल जायचे तर हवेत हेलियम मिसळावा लागतो, आणि तो महाग असतो. म्हणजे बुडबुड्यांतून पैसेच वर जातात म्हणा ना.

रिब्रीदर हे बुडबुडे थांबवतो. सोडलेला श्वास नळीतून एका पिशवीत जातो, तिथून एका डब्यातून फिरतो आणि पुन्हा तोंडाशी येतो. डब्यात सोडा लाइमचे दाणे असतात, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही केलेला आहे. तीच अभिक्रिया इथे होते : कार्बन डायऑक्साइड चुन्यात अडकतो, कॅल्शियम कार्बोनेट आणि पाणी तयार होते. राहता राहिला शरीराने वापरलेला ऑक्सिजन. तेवढा एका छोट्या टाकीतून भरून काढायचा. दोन लीटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेला ऑक्सिजन ४०० लीटर होतो. मिनिटाला एक लीटर धरला तर सहा तासांहून अधिक पुरेल.

आता खरी गोम. भरून काढायचा तो किती? कमी पडला तर माणूस बेशुद्ध होतो, जास्त झाला तर त्याला झटके येतात, आणि पाण्याखाली दोन्हींचा शेवट बहुधा एकच.

इथे डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम उपयोगी पडतो. शरीराला ऑक्सिजनचे टक्के कळत नाहीत, त्याचा आंशिक दाब कळतो. समुद्रसपाटीला हवेत तो ०.२१ बार असतो. ०.१६ च्या खाली गेला की धोका सुरू. वरच्या बाजूला १.४ पर्यंत चालवून घेतात, १.६ ही शेवटची मर्यादा मानतात. खोल पाण्यातले डायव्हर तो १.२ ते १.३ च्या आसपास राखतात, कारण तेवढा ठेवला की शरीरात नायट्रोजन किंवा हेलियम कमी साठतो आणि वर येताना थांबायचा वेळ वाचतो. हा आकडा स्थिर ठेवणे, एवढेच काम. ते इलेक्ट्रॉनिक यंत्रालाही करायचे असते आणि हाताने चालवायच्या यंत्रावरच्या माणसालाही.

हाताची पद्धत मूळची. इंग्लंडमध्ये हेन्री फ्लूस यांनी १८७८ मध्ये असे पहिले कामचलाऊ नव्हे तर खरोखर कामाचे यंत्र केले. १८८० मध्ये इंग्लंड आणि वेल्स यांना जोडणाऱ्या सेव्हर्न बोगद्यात पाणी शिरले तेव्हा अलेक्झांडर लँबर्ट नावाचा डायव्हर ते पाठीवर घेऊन अंधारात आत चालत गेला आणि आतला लोखंडी दरवाजा बंद करून आला. त्यात नुसता ऑक्सिजन होता, सेन्सर वगैरे काही नव्हते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका कंपनीने 'इन्स्पिरेशन' हे पिवळे यंत्र बाजारात आणले आणि सामान्य नागरिकाला इलेक्ट्रॉनिक रिब्रीदर विकत मिळू लागला. पुढे कॅनडात गॉर्डन स्मिथ यांनी 'किस' नावाचे हाताने चालवायचे यंत्र लोकप्रिय केले. बॅटरी आणि सर्किट जितके कमी तितके बिघडायला कमी, हा त्यामागचा विचार.

'किस'सारख्या यंत्रातली एक युक्ती मला फार आवडली. ऑक्सिजन पूर्णपणे बोटावर सोडलेला नसतो. एका अतिसूक्ष्म छिद्रातून तो सतत झिरपत असतो, माणूस शांत असताना वापरतो त्याहून किंचित कमी. त्यामुळे आंशिक दाब एकदम कोसळत नाही, हळूहळू उतरतो. डायव्हर मीटर पाहतो, बटण दाबतो, पुन्हा पाहतो. मात्र छिद्रातून जाणारा प्रवाह स्थिर राहावा म्हणून त्यामागचा दाब कायम ठेवलेला असतो, तो खोलीबरोबर वाढत नाही. साहजिकच बाहेरचा दाब वाढत जाऊन त्याच्या जवळ पोचू लागला की प्रवाह मंदावतो. नेहमीच्या जुळणीत पन्नास-साठ मीटरनंतर याचा विचार करावा लागतो. आपल्या विद्यार्थ्याला जायचे आहे ते नेमके त्याच्या खाली.

समजा झिरपाही बंद पडला आणि डायव्हर बटण दाबायला विसरला, तर? आईच्या प्रश्नाचे उत्तर गणिताने काढता येते. फुप्फुसे, पिशव्या आणि नळ्या मिळून सहा लीटर धरू. आंशिक दाब १.३ असताना त्यात ६ × १.३ म्हणजे ७.८ लीटर ऑक्सिजन आहे (पृष्ठभागावरच्या मापाने). तो ०.१६ पर्यंत उतरला की सुमारे एक लीटर उरतो. म्हणजे ६.८ लीटर वापरायला जवळजवळ सात मिनिटे. सात मिनिटांत एकदा मीटर पाहणे काही फार नाही, असे तुम्ही म्हणाल. पण तेच गणित पाण्याच्या पृष्ठभागावर करा. चक्रात साधी हवा आहे, ऑक्सिजनची टाकी उघडायची राहिली आहे आणि माणूस होडीकडून जोराने पोहत निघाला आहे. ०.२१ वरून ०.१० पर्यंत यायला फक्त ०.६६ लीटर लागतो. एक मिनिटसुद्धा नाही!

वर येतानाही असेच. तीस मीटरवर एकूण दाब ४ बार. मीटरवर ०.६ दिसतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या ०.२१ च्या तिप्पट, मनाला स्वस्थ वाटते. पण ०.६ भागिले ४ म्हणजे १५ टक्के, आणि काही न भरता पृष्ठभागावर आला तर ०.१५. आकडा मघाशी बरोबर होता, तोच वर पोचेपर्यंत बेशुद्ध करणारा ठरतो.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की शरीर सूचना देत नाही. आपल्याला गुदमरल्यासारखे होते ते ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. रिब्रीदरमध्ये तो चुना खाऊन टाकतो, त्यामुळे माणूस अगदी आरामात श्वास घेत घेत शुद्ध हरपतो. म्हणूनच पाण्यात उतरण्यापूर्वी यादी हातात घेऊन एकेक वस्तू मोठ्याने म्हणत तपासायची पद्धत आहे. डबा विसरणाऱ्यांसाठी आणि न विसरणाऱ्यांसाठीही.

आईंचा मुद्दा इथपर्यंत अगदी योग्य ठरतो. इलेक्ट्रॉनिक यंत्र दर काही सेकंदांनी सेन्सर वाचते, आकडा ठरवलेल्या पातळीखाली गेला की सोलेनॉइड ही विद्युतचुंबकावरची झडप 'टक्' करून उघडते आणि ऑक्सिजनचा एक झोत आत येतो. डायव्हर कॅमेऱ्यात गुंतला असो, दोरीत अडकला असो की घाबरलेल्या सोबत्याला सावरत असो, झडपेचे काम चालूच. हाताच्या यंत्रावर अशा वेळी आणखी एक काम डोक्यात ठेवावे लागते, आणि माणसाच्या डोक्यातून कामे निसटतात. झडप बंद अवस्थेत अडकू शकते, उघडी राहू शकते, बॅटरी संपू शकते, आत पाणी जाऊ शकते, हे खरे. पण त्यांतल्या बहुतेक गोष्टी भोंगा वाजवून, दिवा लावून समोर येतात. मला अधिक काळजी वाटली ती न वाजणाऱ्या दोषाची. तो झडपेत नाही, सेन्सरमध्ये आहे.

सेन्सर म्हणजे एक छोटा विद्युतघट. शिशाचा एक इलेक्ट्रोड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि एक पातळ पडदा, ज्यातून ऑक्सिजन आत झिरपतो. जितका ऑक्सिजन आत जाईल तितकी अभिक्रिया होते आणि तितके मिलिव्होल्ट मिळतात. चांगला घट हवेत साधारण १० मिलिव्होल्ट देतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४८ च्या आसपास, कारण १० भागिले ०.२१. पण शिसे हळूहळू संपत जाते. वर्ष-दीड वर्षाने घट म्हातारा होतो. तेव्हा तो हवेत अजूनही बरोबर आकडा देतो, पण वरच्या टोकाला त्याच्यात ताकद उरत नाही. खरा आंशिक दाब १.६ असो की १.८, तो म्हणतो १.२ आणि तिथेच अडून बसतो.

आता यंत्राला १.३ राखायला सांगितले आहे. सेन्सर म्हणतो १.२. यंत्र आज्ञाधारकपणे ऑक्सिजन सोडते. सेन्सर पुन्हा म्हणतो १.२. यंत्र आणखी सोडते. झटके येईपर्यंत सगळे आकडे नेमस्त दिसत राहतात.

यासाठी एक नव्हे, तीन सेन्सर असतात आणि मतदान होते. दोन जुळले, तिसरा वेगळा पडला, तर तिसऱ्याला बाजूला करतात. ग्रामपंचायतीत ठीक आहे. पण तिन्ही घट एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेले असले तर ते म्हातारेही बरोबरच होतात. दोन थकलेले मिळून एका धडधाकटाला खोटे ठरवतात. म्हणून काही जाणकार तिन्ही घट एकदम न बदलता आळीपाळीने बदलतात, म्हणजे तिघांचे वय वेगवेगळे राहते.

आणि हाताच्या यंत्रात? तिथेही हेच तीन सेन्सर. मेंदू वेगळा, डोळे तेच. आईंना मी पहिली गोष्ट ही सांगितली : आपोआप चालणारे आणि हाताने चालवायचे, या दोन्हींत माहिती येते ती एकाच प्रकारच्या घटांतून, आणि घट फसला तर दोघेही फसू शकतात. फरक एक बारीक आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा. हाताने बटण दाबणाऱ्याला आपण किती वेळा दाबले हे ठाऊक असते. दोनदा दाबले आणि काटा हलला नाही तर बोटाला शंका येते. झडप शंभरदा उघडली तरी तिला शंका येत नाही, आणि तिचा 'टक्' कानाच्या सवयीचा होऊन जातो.

शंका आली की सेन्सरची परीक्षा घेता येते. चक्रातला वायू काढून टाकून दुसऱ्या टाकीतला माहीत असलेला वायू भरायचा. तो हवा असेल आणि खोली तीस मीटर असेल, तर मीटरवर ४ × ०.२१ म्हणजे ०.८४ दिसलेच पाहिजे. ही परीक्षा ०.८४ पुरतीच हे लक्षात ठेवावे. वरच्या टोकाची परीक्षा सहा मीटरवर शुद्ध ऑक्सिजन भरून होते, तिथे १.६ जवळ पोचता आले पाहिजे. सरळ गुणाकार आहे. मुलांनो, तोंडी उदाहरणे कशाला करायची असे विचारता ना, ती अशा ठिकाणी लागतात.

आता एक खरी घटना. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात बुशमन्सगाट नावाची पाण्याने भरलेली प्रचंड गुहा आहे. डिऑन ड्रायर हा तरुण डायव्हर १९९४ मध्ये तिथे बुडाला. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेव्ह शॉ यांना २७० मीटर खोलीवर त्याचा देह दिसला. शॉ व्यवसायाने विमानाचे वैमानिक. आई-वडिलांना त्यांचा मुलगा परत मिळावा म्हणून ८ जानेवारी २००५ रोजी ते आणि त्यांचे सोबती डॉन शर्ली रिब्रीदर घेऊन पुन्हा उतरले.

ठरल्याप्रमाणे शर्ली मागाहून खाली येत होते. शॉ यांचा दिवा तळाशी हलत नव्हता. २५० मीटरच्या सुमारास दाबाने शर्ली यांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला तडा गेला आणि तो बंद पडला. त्या क्षणापासून त्यांचे यंत्र हाताचे यंत्र झाले. त्यांनी आणखी खाली जाणे सोडले आणि दुसऱ्या मीटरवर आकडा पाहत, ऑक्सिजन स्वतः सोडत वरची वाट धरली. वाटेत आतल्या कानात हेलियमचा बुडबुडा होऊन त्यांना भयंकर चक्कर येऊ लागली, उलट्या झाल्या. तशा अवस्थेत बारा तासांहून अधिक वेळ पाण्यात काढून ते जिवंत वर आले. हाताने चालवण्याचा सराव नसता तर ते वाचले नसते, असे मला वाटते.

शॉ मात्र वाचले नाहीत. देह गाळात बसलेला असेल अशी अपेक्षा होती, तो तरंगू लागला. त्याला पिशवीत घालण्याच्या धडपडीत दिव्याची वायर दोरीत अडकली. त्या खोलीवर वायू इतका दाट असतो की नुसता श्वास ओढणेही कष्टाचे. कष्ट वाढले तसा शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत गेला आणि त्यानेच त्यांचा अंत झाला. ऑक्सिजनचा इथे प्रश्न नव्हता. बटण कोणीही दाबले असते तरी काही फरक पडला नसता. चारेक दिवसांनी दोर ओढून घेताना दोघांचेही देह वर आले.

दुसरी गोष्ट आईंना सांगितली ती ही. मुलगा कोणतेही यंत्र घेवो, चुन्याचा डबा वेळेवर बदलणे आणि खोलीवर अंगमेहनतीचे काम न करणे, यावर त्याचा जीव तितकाच अवलंबून आहे. आता काही यंत्रांत कार्बन डायऑक्साइड ओळखणारे सेन्सरही असतात, पण सर्वच यंत्रांत ते नसतात. आणि यंत्र सोडून थेट श्वास घेता येईल अशी वेगळी टाकी कायम अंगावर हवी, यात तर दोन्ही पंथांचे लोक एकमताचे आहेत.

मग कोणते घ्यावे? मी आईंच्या बाजूने मत दिले, पण मुलाची अट घालून. इलेक्ट्रॉनिक घ्यावे, मात्र ते हाताने चालवावे. यंत्राला पातळी ०.७ ची द्यायची आणि डायव्हरने स्वतः बटण दाबून १.२ राखायचे. लक्ष ठेवले तर झडप गप्प राहते. विसरला, गुंतला, घाबरला आणि आकडा घसरला, तर ०.७ वर यंत्र हात देते. 'टक्' ऐकू आला म्हणजे आपले लक्ष सुटले होते, हेही कळते. अनेक अनुभवी डायव्हर असेच करतात असे त्याने नंतर सांगितले. या पद्धतीत वरच्या बाजूचे संरक्षण नाही, झडप अडकून उघडी राहिली तर ऑक्सिजनची टाकी स्वतःच बंद करावी लागते. ते मी त्याला लिहून कळवले, तर "सर, ते आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात" असे उत्तर आले.

आईंनी एवढेच विचारले, "म्हणजे पहिली पाच मिनिटे तरी तो आकडा बघेल ना?" त्यावर त्याने डोळ्यांसमोर लुकलुकणाऱ्या दिव्याची गोष्ट काढली, पण आईंचे समाधान झालेले दिसले नाही.

त्याने वापरलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र घेतले आहे आणि पुढचे काही महिने तो चाळीस मीटरच्या वरच राहणार आहे. यंत्राबरोबर आलेले तिन्ही घट जुने होते, ते त्याने लगेच काढून टाकले. ते फेकू नकोस, प्रयोगशाळेला दे, असे मी त्याला सांगितले आहे. दिवाळीत तो घेऊन आला की नववी-दहावीच्या मुलांना मल्टिमीटर लावून पाहता येतील : हवेत किती मिलिव्होल्ट, आणि ऑक्सिजन सोडल्यावर त्याच्या ४.७६ पट होतात की मध्येच अडतात. घट फोडायचे मात्र नाहीत. आत शिसे आणि दाहक अल्क आहे.